कचेरीच्या अंगणातील सव्वाआठ हात जागेची बखर

श्री. ज्या गजाननाचे वाहन मूषक, ज्यास उभे करण्यास वीतभर जागा पुरते आणि कोणाचाही खोळंबा होत नाही, त्या देवास प्रथम नमन. तदनंतर ज्यांणी जमीन मापली, दोरी ताणली, चुना टाकला आणि चुकले तेथे पुन्हा टाकला, त्या समस्त आखणीकारांस नमन. शके एकोणीसशे चव्वेचाळीस, शुभकृत नाम संवत्सरे, मार्गशीर्षापासून माघापर्यंत, स्वामींच्या मुख्य कचेरीचे अंगणी मोटार उभी करण्याच्या एका जागेवरून जो प्रसंग जाहला, तो आरंभापासून अखेरीपर्यंत क्रमाने लिहावा ऐसी आज्ञा जाहली, म्हणोन लिहितो. कचेरीची इमारत काळ्या दगडाची, तीन मजली, आणि तिजपुढे फरसबंद अंगण, साठ मोटारी उभ्या राहतील ऐसे विस्तीर्ण. त्या अंगणास पूर्वी एक दुखणे होते. श्रावण मासी तेथे पाणी तुंबे, आणि थोर थोर अमलदार जोडे हाती घेऊन, विजारी गुडघ्यांपर्यंत चढवून, बगळ्यासारखे पावले टाकीत कचेरीत येत. मग इमारतखात्याचे कारखानीस हरबाजीपंत यांणी ते काम शिरावर घेतले. हे पंत तंत्रविद्येच्या शाळेत शिकलेले, वयाने साठीस टेकलेले, सपाटी पाहण्याची पाणसळ आणि मापण्याचा गज यांवाचून ज्यांचे पान हालत नाही ऐसे गृहस्थ. त्यांणी सारी फरशी उखडली, उत्तर कोपरा उंच धरला, दक्षिणेस गटार काढले, आणि मधल्या सर्व अंगणास पंचवीस हातांस एक हात ऐसा उतार दिला. तेव्हापासून अंगणात थेंब उभा राहिला नाही. स्वामींनी पंतांस शाल दिली. आणि मग पंतांची रीतच पडली, जे कोणी परराज्यीचा पाहुणा आला की त्यास अंगणात न्यावे, तांब्याभर पाणी फरशीवर ओतावे, आणि पाणी गटारास मिळेपर्यंत मोठ्याने अंक मोजावे. वीस अंकांचे आत पाणी गटारी पोचे. पाहुणे माना डोलवीत, आणि पंत रिकामा तांब्या पालथा करोन दाखवीत.

त्या वर्षी कचेरीत दप्तरदाराची जागा मोकळी जाहली. जुने दप्तर सारे मोडी लिपीचे, वाळवीने खाल्लेले, आणि ते वाचील ऐसा मनुष्य राज्यात विरळा. परीक्षा ठेवली, तीत चाळीस उमेदवार बसले, आणि भिवराबाई वाघचौरे पहिल्या आल्या. भिवराबाईंचे वय चौतीस. नवव्या वर्षी तापात दोन्ही पाय गेले, तेव्हापासून चाकांच्या खुर्चीवर बसोन वावरत. वडील शाळामास्तर होते, त्यांणी मोडी शिकविली आणि ते वारले. मग अकरा वर्षे भावाच्या घरी ओसरीवर बसोन बाईंनी गावोगावची जुनी खते वाचून दिली. अन्य कचेऱ्यांतून बोलावणी आली होती, परंतु त्या कचेऱ्या जिन्यांवरच्या. ही एकच दप्तरखाना तळमजल्यास असलेली. बाईंपाशी एक लहानशी मोटार होती, तीस हातांनीच वेग द्यावा आणि हातांनीच थांबवावी ऐशी कळ बसविलेली, आणि ती त्या स्वतः हाकीत. नेमणुकीची आज्ञा हाती आली तेव्हा बाई भावास म्हणाल्या, "दादा, ओसरीवरचा माझा पाट आता तुझ्या कामास घे." भावजयीने विचारिले, "आणि जमले नाही तर?" बाई म्हणाल्या, "तर पाट आहेच की." परंतु त्यांचे मनी पक्के होते, जे पुन्हा त्या पाटावर बसणे नाही.

आता कचेरीचा कायदा ऐसा, जे नव्या अमलदाराची सहा मास उमेदवारी. दहाच्या घंटेपूर्वी हजेरीपटावर सही करावी. घंटा वाजल्यावर जो येईल त्याचे नावापुढे हजेरीनविसाने तांबड्या शाईची फुली घालावी. सहा मासांत तीन फुल्या जाहल्या तर नेमणूक रद्द, आणि जागा यादीतल्या पुढल्या उमेदवारास. तांबड्या शाईची फुली एकदा घातली ती खुद्द स्वामींसही पुसता येत नाही, ऐसा वडिलोपार्जित दंडक. मार्गशीर्ष शुद्ध पंचमीस भिवराबाई प्रथम कचेरीस आल्या, अर्धी घटका आधी आल्या, आणि दोन मोटारींमध्ये जागा पाहून आपली मोटार उभी केली. बाईंची उतरण्याची रीत ऐसी: शेजारील आसनावरून खुर्चीचा सांगाडा मांडीवरून उचलून बाहेर ठेवावा, मग एक चाक बसवावे, मग दुसरे बसवावे, मग चाके अडविणारा रोध लावावा, आणि मग दोन्ही हातांवर अंग तोलून आसनावरून खुर्चीत जावे. ह्यास दार पुरते उघडावे लागते, आणि बाहेर खुर्चीपुरती जमीन लागते. परंतु शेजारची मोटार वीतभर अंतरावर, दार उघडले ते चार बोटे. बाई आतच बसोन राहिल्या. दारावरचे सटवाजी नाईक, दांडगे आणि मनाचे मऊ, ते धावत आले आणि म्हणाले, "बाईसाहेब, चिंता कसली? मी उचलून नेतो की! माझ्या आजीस मी जत्रेत असाच नेत असे." बाई हसल्या आणि म्हणाल्या, "नाईक, तुमची आजी वर्षातून एकदा जत्रेस जात असेल. मला रोज कचेरीस यायचे आहे. तुम्ही रजेवर गेलात की मी काय करू?" नाईक म्हणाले, "मी रजा घेत नाही." बाई म्हणाल्या, "आणि घ्यावीशी वाटली तर माझ्यामुळे घेणार नाही. तेही मला नको." इतके बोलणे होते तो घंटा वाजली, आणि शेजारच्या मोटारीचा धनी येऊन त्याने जागा दिली तेव्हा सव्वादहा जाहले होते. पहिली फुली पडली.

मग भिवराबाईंनी कारभारी रंगोपंत यांस अर्ज केला. रंगोपंत नियमाचे कडक, परंतु मनुष्य वाईट नव्हे. अर्ज वाचून ते कळवळले आणि हरबाजीपंतांस बोलावून म्हणाले, "बाईंस उत्तमातली उत्तम जागा द्या. महाद्वारासमोर द्या. कोणी तीत घुसू नये ऐसा बंदोबस्त करा." मग पंतांनी महाद्वारासमोर, भर अंगणात, दोन मोटारींची एक जागा केली, भोवती पितळी खांब रोविले, त्यांस साखळी लाविली आणि साखळीस कुलूप घातले. कुलूप चांगले म्हणोन किल्लीही जपून ठेविली पाहिजे, यास्तव ती कारभाऱ्यांच्या दालनी, दुसऱ्या मजल्यास, कपाटात ठेविली, आणि जो नेईल त्याने वहीत सही करावी ऐसे ठरले. दुसरे दिवशी बाई मोटार घेऊन साखळीपुढे थांबल्या. सटवाजी नाईक मुजरा करोन म्हणाले, "बाईसाहेब, गाडीवानास सांगावे, वर जा, वहीत सही कर आणि किल्ली घेऊन ये." बाई म्हणाल्या, "गाडीवान मीच, नाईक." नाईक म्हणाले, "मग आपण उतरावे." बाई म्हणाल्या, "उतरण्याची जागा साखळीच्या आत आहे." नाईक साखळीकडे पाहून म्हणाले, "हे माझ्या ध्यानीच आले नव्हते." बाई म्हणाल्या, "तुमच्या एकट्याच्या नव्हे." मग नाईक स्वतः जिने चढले, परंतु वहीत सही ज्याची त्याने करावी म्हणोन तेथील कारकून किल्ली देईना, आणि नाईक त्याच्याशी हुज्जत घालीत असता खाली घंटा वाजली. दुसरी फुली पडली. रंगोपंत स्वतः खाली आले, साखळी पाहिली, आणि ओशाळून म्हणाले, "आम्हांस वाटले, आपली मोटार कोणी हाकीत असेल." बाई म्हणाल्या, "कोण हाकणार?" कारभारी म्हणाले, "भाऊ, पुतण्या, कोणी तरी." बाई म्हणाल्या, "भावास त्याचे काम आहे, कारभारी, आणि मला माझे." त्याच क्षणी साखळी काढविली. फुली मात्र राहिली.

मग मासभर बाई वेळेवर आल्या, आणि कचेरीत सर्वांस वाटले जे प्रश्न मिटला. कित्येक असेही बोलू लागले, जे बाईंस आता महाद्वारासमोर जागा मिळाली, कारभाऱ्यांहून मान मोठा जाहला, आणखी काय हवे? परंतु मिटले नव्हते. ती जागा भर उतारावर होती. बाई खुर्चीचा सांगाडा खाली ठेवीत तो सरकू लागे. मग त्या डाव्या हाताने सांगाडा धरून ठेवीत आणि एका उजव्या हाताने दोन्ही चाके बसवीत, आणि दार उताराने आपोआप मिटू लागे ते खांद्याने लोटून धरीत. चार पळांचे काम पाव घटका चाले, आणि कपाळास घाम येई. त्या रोज घरून पाव घटका लवकर निघत, आणि हे कोणास बोलल्या नाहीत. मग पौष शुद्ध नवमीस ऐसे जाहले, जे शेजारच्या राज्याचे इमारतकार पाहुणे आले, आणि हरबाजीपंत त्यांस रीतीप्रमाणे अंगणात घेऊन आले. पंतांनी तांब्या उचलला, पाणी ओतले आणि मोजू लागले, "एक, दोन, तीन." त्याच समयी पलीकडे बाईंनी खुर्चीस दुसरे चाक बसविले आणि रोधाकडे हात नेला, तो डाव्या हाताची पकड घामाने सुटली. खुर्ची चालू लागली. पंत "सात, आठ" म्हणत होते. पाणी फरशीवरून चालले होते, आणि त्याच्या शेजारून, त्याच वाटेने, रिकामी खुर्ची चालली होती. पाहुणे प्रथम समजले जे हाही परीक्षेचाच भाग आहे, आणि "वाहवा" म्हणाले. नवव्या अंकास खुर्चीने पाण्यास मागे टाकिले, आणि ती गटाराच्या काठास आदळून आडवी पडली. पंतांचे तोंडचे अंक तोंडीच राहिले.

सटवाजी नाईक खुर्चीकडे धावले, आणि हरबाजीपंत बाईंच्या मोटारीपाशी गेले. पंत म्हणाले, "खुर्चीस रोध नाही काय?" बाई म्हणाल्या, "आहे. तो लावण्यास हात पोचावा लागतो. हात पोचेपर्यंत तुमचा उतार थांबत नाही." पंत म्हणाले, "हे आज जाहले की रोज होते?" बाई म्हणाल्या, "रोज होते. आज दिसले." पंत म्हणाले, "मग सांगितले का नाही?" तेव्हा बाई म्हणाल्या, "पंत, पहिल्यांदा सांगितले तेव्हा मी बिचारी होते. दुसऱ्यांदा सांगितले तेव्हा चिकित्सक जाहले. तिसऱ्यांदा सांगणारी बाई कटकटी होते, आणि कटकट्या मनुष्याची फुली घालताना कोणाचाही हात अडखळत नाही." नाईकांनी खुर्ची आणिली, तिचे एक चाक वाकले होते, ते गुडघ्यावर धरून सरळ केले, आणि त्यात वेळ गेला आणि घंटा वाजली. बाई आत गेल्या तेव्हा हजेरीनवीस तांबड्या शाईत टाक बुडवून बसले होते. त्यांणी बाईंकडे पाहिले, बाईंच्या तळहातास खरचटले होते तेही पाहिले, आणि टाक तसाच शाईत ठेवून म्हणाले, "ही फुली मी आपल्या बुद्धीने घालणार नाही. हुजुरांचा हुकूम आणा." मग कारभारी म्हणाले, "नियम तो नियम. परंतु हुजूर उद्या पाहतील." आणि तो दिवस तैसाच राहिला. बाई दप्तरखान्यात बसोन आपले काम करीत राहिल्या. एका जुन्या सनदेवरची तारीख लावणे राहिले होते, ती त्यांणी सायंकाळपर्यंत लाविली, उद्या येथे आपण असू की नसू हे ठाऊक नसता लाविली, आणि सनद नीट बांधून ठेविली.

हरबाजीपंत त्या दुपारी जेवले नाहीत. कचेरीच्या वेशीपाशी मोटारींस बांधावयाच्या लिंबू-मिरच्या विकणारी एक म्हातारी बसे, तिजपासून पंतांनी दोन डझन लिंबे घेतली, एकही मिरची घेतली नाही, आणि म्हातारी म्हणाली, "पंत, नुसत्या लिंबाने दृष्ट निघत नाही हो." पंत म्हणाले, "आजी, माझी निघेल." मग त्यांणी अंगणातील साठ जागांपैकी एकेका जागेवर लिंबू ठेवून सोडिले. लिंबू गडगडे, पंत टिपून घेत, पुन्हा उचलीत, पुढे जात. ऐसे अस्तमानापर्यंत केले. दुसरे दिवशी प्रातःकाळी स्वामींची स्वारी अंगणात आली, कारभारी, हजेरीनवीस, भिवराबाई सारे जमले. स्वामींनी कायदा ऐकिला, फुल्या दोन ऐकिल्या, तिसरीचे कारण ऐकिले. मग हरबाजीपंत पुढे जाहले आणि हात जोडून म्हणाले, "हुजूर, पाणी थांबू नये म्हणोन मी उतार दिला. पाणी थांबले नाही. परंतु जमिनीवर पाण्याखेरीज आणखी कोणी येतो, त्यास थांबावे लागते, हे मी मापात धरले नाही." आणि त्यांणी महाद्वारासमोर लिंबू सोडिले, ते गडगडत गटारात गेले. मग दहाव्या जागेवर सोडिले, तेही गेले. विसाव्या, तिसाव्या, चाळिसाव्या जागेवरची लिंबेही गेली. मग पंत उत्तर कोपऱ्यात गेले, जेथून उताराचा आरंभ होतो, जो कोपरा सर्वांत उंच, सपाट, दप्तरखान्याच्या बगलेच्या दारास लागून, आणि जेथे कारभारी रंगोपंत यांची मोटार उभी राहत असे. मोटार मागे घेवविली आणि तेथे लिंबू ठेविले. लिंबू राहिले.

सारे लिंबाकडे पाहू लागले आणि मग रंगोपंतांकडे पाहू लागले. रंगोपंत म्हणाले, "लिंबास एक बाजू चपटी असेल. दुसरे आणा." दुसरे आणिले, तेही राहिले. रंगोपंत म्हणाले, "हे कच्चे दिसते. पिकलेले पाहावे." तिसरे ठेविले, तेही राहिले. तेव्हा स्वामी म्हणाले, "रंगोपंत, ऐशाने सरबत होईल, निवाडा होणार नाही." लोक हसले. रंगोपंत बहुत संकोचून म्हणाले, "हुजूर, ही जागा माझ्या वडिलांपासून आमची. पावसात जोडा भिजत नाही, म्हणोन मान आहे." भिवराबाई म्हणाल्या, "कारभारी, मान आपल्याबरोबर चालत येईल. त्यास चाके लागत नाहीत." रंगोपंतांनी वाकून स्वतःचे हाताने तिन्ही लिंबे उचलली, आणि म्हणाले, "माझ्या मोटारीचा रोध मजबूत आहे. मी उतारावर उभी करीन." मग राहिला तिसऱ्या फुलीचा प्रश्न. कारभाऱ्यांनी म्हटले, "जागेचा निवाडा जाहला, कायद्याचा जाहला नाही. घंटा वाजल्यावर फुली घातली पाहिजे. कोरी सोडता येत नाही." हे खरे होते. भिवराबाईंचे हात खुर्चीच्या चाकांवर घट्ट जाहले. तेव्हा हरबाजीपंत म्हणाले, "फुली घाला. माझ्या नावापुढे घाला." ह्या पंतांचे नावापुढे छत्तीस वर्षांत एक फुली नव्हती. घरी लेकीचे लग्न होते त्या दिवशीही सही करोन मग मांडवात गेलेले ते गृहस्थ. भिवराबाई म्हणाल्या, "पंत, मला दया नको." पंत म्हणाले, "ही दया नव्हे, बाई. आपण घंटेच्या आधी अंगणात आला होता, हे मी आणि पाहुण्यांनी पाहिले. दारापर्यंत पोचला नाही तो उशीर आपला नव्हे, फरशीचा आहे, आणि फरशी माझी आहे. चूक ज्याची, फुली त्याची." स्वामींनी हजेरीनविसाकडे पाहून मान हालविली. टाक शाईतून निघाला आणि पंतांचे पानावर फुली पडली. पंतांनी ती वाळेपर्यंत पाहिली, मग पट मिटून म्हणाले, "आता गज आणा."

मग कामास आरंभ जाहला. पंत कागद पसरू लागले, तेव्हा बाई म्हणाल्या, "कागदावर नको. कागदावर दार मिटलेले असते." मग पंतांनी बाईंची मोटार उत्तर कोपऱ्यात आणविली, दार पुरते उघडविले, खुर्ची बाजूस मांडविली, बाईंनी खुर्चीत बसोन एक गिरकी घेतली, आणि चाके जेथवर गेली तेथवर पंतांनी चुन्याची रेघ ओढली. मग मापले. मोटारीस साडेपाच हात, आणि तिच्या उजव्या बाजूस, जिकडून हाकणारा उतरतो, खुर्चीस पावणेतीन हात, मिळोन सव्वाआठ हात जाहले. पावणेतीन हातांच्या पट्टीवर पिवळ्या तिरप्या रेघा ओढल्या, जेणेकरून ही जागा रिकामी दिसली तरी रिकामी नाही, हे पाहणाऱ्यास कळावे. पहिल्याच दिवशी एका कारकुनाने तीत आपली दुचाकी लाविली. सटवाजी नाईक त्यास म्हणाले, "भाऊसाहेब, आपण कोणाच्या दारात उभे आहा?" तो म्हणाला, "दार कोठे आहे येथे?" नाईक म्हणाले, "थांबा. मोटारीतून कोणी उतरू लागले की दिसेल." त्याने दुचाकी काढिली. मग जमिनीस पन्नास हातांस एक हात इतकाच उतार ठेविला, पाणी जावे आणि खुर्ची राहावी इतका. कोपऱ्याभोवती अरुंद नाली काढिली आणि तीवर बारीक जाळी बसविली, जाळीच्या चिरा चाकाच्या वाटेस आडव्या, जे खुर्चीचे लहान चाक त्यांत अडकू नये. जाळी प्रथम उभ्या चिरांची आली होती, ती पंतांनी परत धाडिली. दप्तरखान्याच्या बगलेच्या दारास एक पायरी होती, ती फोडून बारा हातांस एक हात ऐसी चढण केली, आणि दारापाशी शोभेच्या म्हणोन ठेविलेल्या तुळशीच्या चार कुंड्या उचलून पलीकडे ठेविल्या. मोटारीपासून चढणीपर्यंतची वाट भिंतीच्या कडेने घेतली, उभ्या मोटारींच्या पाठीमागून घेतली नाही, कारण मागे सरकणाऱ्या मोटारीच्या गाडीवानास बसलेले मनुष्य आरशात दिसत नाही. हे पंतांस ठाऊक नव्हते. बाईंनी त्यांस खुर्चीवर बसविले आणि एका मोटारीच्या मागे नेऊन उभे केले, तेव्हा ठाऊक जाहले. खुर्चीवरून उठताना पंत म्हणाले, "छत्तीस वर्षे मी हे अंगण पाहतो. इतक्या खालून पाहिले नव्हते."

काम चालू असता स्वामींनी विचारिले, "एका बाईकरिता एक जागा, इतके पुरे ना?" पंत म्हणाले, "हुजूर, येत नाहीत म्हणोन दिसत नाहीत. येता येईल तेव्हा येतील." मग त्याच कोपऱ्यात लागून दुसरी जागा केली. फलकावर काय लिहावे याचाही खल जाहला. रंगोपंतांचे मते, "स्वामींच्या कृपेने दुर्बळ जनांस दिलेली जागा" ऐसे सुंदर अक्षरांत लिहावे. बाई म्हणाल्या, "कारभारी, एवढे वाचेपर्यंत मागच्या मोटारी भोंगे वाजवतील." मग निळ्या पत्र्यावर खुर्चीचे एक चित्र काढिले, आणि खाली अक्षर एकही लिहिले नाही. पुढे जागा खुल्या जाहल्यावर आठ दिवसांत दुसऱ्या जागेवर कुबडीवर चालणारे एक जुने शिलेदार आपली मोटार घेऊन आले. त्यांची पेन्शनची पृच्छा सात वर्षे राहिली होती, कारण अंगण ओलांडून येणे होत नव्हते. ते सटवाजी नाईकांस म्हणाले, "कचेरी इतकी जवळ होती होय?"

माघ शुद्ध त्रयोदशीस फरशी सुकली आणि जागा वापरास खुली जाहली. रंगोपंतांनी चौघडा सांगितला होता आणि हार आणविले होते. भिवराबाईंनी विनंती करोन ते सर्व परत पाठविले. आदल्या दिवशी आज्ञा जाहली होती, जे बखरकाराने उपस्थित राहून बाई मोटारीतून कैशा उतरल्या हे प्रत्यक्ष पाहून लिहावे. परंतु बखरकार पोचले तेव्हा बाईंची मोटार जागेवर उभी होती, दार मिटलेले होते आणि बाई दिसत नव्हत्या. मग सटवाजी नाईकांस विचारिले, "बाईसाहेब कैशा उतरल्या?" नाईक म्हणाले, "मी वेशीवरल्या गाड्या पाहत होतो. लक्ष नव्हते." हजेरीनविसास विचारिले, ते म्हणाले, "सही आहे. दहास बारा मिनिटे कमी असता केलेली आहे. आल्या कैशा ते मी पाहिले नाही." भिंतीकडेस उन्हात बसलेल्या माळ्यास विचारिले, तो म्हणाला, "एक बाई आल्या खऱ्या, आणि आत गेल्या. त्यात पाहण्यासारखे काय होते?" मग दप्तरखान्यात डोकावून पाहिले, तो भिवराबाई खिडकीपाशी बसोन भिंग लावून एक जुने खत वाचीत होत्या. त्यांणी मान वर केली आणि विचारिले, "काही काम होते काय?" काही काम नव्हते.

एकूण सारांश ऐसा: जागा दोन, प्रत्येकी रुंद सव्वाआठ हात, लांब अकरा हात, जाहल्या. ज्येष्ठात भिवराबाईंची उमेदवारी संपली आणि दप्तरदारी कायम जाहली. हरबाजीपंत त्याच साली वयोमानाने निवृत्त जाहले. कारभाऱ्यांची मोटार उतारावर उभी राहते आणि ते चालत येतात. जैसे घडले तैसे लिहिले, अधिक-उणे मनाचे घातले नाही. कोणास मापाविषयी शंका असेल, त्याने आधी मोटारीचे दार पुरते उघडावे, आणि मग गज लावून पाहावे.